त्या दिवसापुरता निळा

रंगाला कुणी नाव ठेवलं नाही. उलट धर्मराज सरांनी आधी त्याचं तोंड भरून कौतुक केलं, आणि तिथंच ज्योत्स्नानं सावध व्हायला हवं होतं. ‘ओलावा’ मासिकाचं काम करताना सहा वर्षांत तिला एवढं कळलं होतं, की सर ज्या कवितेचं फार कौतुक करतात ती साभार परत जायची असते. जालन्याच्या मोंढ्यात, बियाण्यांच्या गोदामावरच्या त्यांच्या खोलीत, भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तिनं केलेले नमुने एकामागून एक सरकत होते. गडद निळी जमीन, तिच्यावर पांढरी अक्षरं, खाली कोपऱ्यात ‘ओलावा’ची ठेंगणी मुद्रा. नव्या अंकाची घोषणा, महिन्याची कविता, लेखकाचा वाढदिवस, श्रद्धांजली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. रंग दमदार आहे, म्हणाले, भारदस्त आहे, पण आपल्या वाचकांचा उगाच गैरसमज व्हायला नको. कसला गैरसमज, असं ज्योत्स्नानं विचारलं, आणि विचारताना तिला खरंच ठाऊक नव्हतं. खाली गोदामात कुणीतरी पोतं टाकलं, त्याचा धप् असा आवाज वरपर्यंत आला. मग सरांची सून शीतल, जी पुण्याहून मार्केटिंग शिकून आली होती आणि जिला शांतता सोसत नसे, हसून म्हणाली, की ताई, लोक रंगाला काहीतरी जोडतात ना, कलर असोसिएशन असतं, अंक एका गटाचा आहे की काय असं वाटायचं. आणि सरांनी, पंगतीत पाहुण्याला आग्रहानं वाढावं तशा मायेनं, पुढचं वाक्य उच्चारलं.

“टाकून नका देऊ हा. चौदा एप्रिलला वापरू की. त्या दिवसापुरता.”

“बरं,” ज्योत्स्ना म्हणाली.

जिना उतरताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तो ‘बरं’ तिनं विचार करून म्हटलेलाच नव्हता. शिंक यावी तसा तो आला होता, आणि आता शिंकेसारखाच परत घेता येत नव्हता. गोदामाच्या दारात सरकीच्या पोत्यांना मारलेल्या औषधाचा उग्र वास होता, आणि त्या वासात उभी राहून तिनं त्या दोघांचा मनसोक्त तिरस्कार करून पाहिला. ते सोपं होतं. सहा वर्षं ती तेच करत आली होती. बियाण्यांत पैसा मिळवलेला माणूस साठीला आला की त्याला साहित्याचा उमाळा येतो. ज्या जिल्ह्यात मार्चपासून टँकरची वाट बघतात त्या जिल्ह्यात तो मासिकाला ‘ओलावा’ असं नाव ठेवतो. आणि मग भोकरदनपासून परतूरपर्यंतचे सगळे कवी हनुवटीखाली मूठ ठेवून काढलेले फोटो पाठवू लागतात. त्या मुठी कापून, त्यांच्यामागचे पडदे, कुलर, देव्हारे पुसून ज्योत्स्ना त्यांना गोल चौकटीत बसवत असे. तिला त्या हनुवट्यांचा तिटकारा होता. ‘ओलावा’ आता घरोघरच्या फोनमध्ये जाणार म्हणून शीतलनं वर्षभराचे साठ साचे मागितले होते. साचा म्हणजे तयार चौकट: जागा ठरलेल्या, रंग ठरलेला, फक्त नाव आणि फोटो बदलायचा. माणूस जन्मला तर एक, मेला तर एक. पुरस्कार मिळाला तर एक, आणि ‘ओलावा’मध्ये कुणाला कधी पुरस्कार मिळाला नाही असा महिना गेला नव्हता. जागतिक चिमणी दिन, जागतिक चहा दिन, मातृदिन, मराठी भाषा दिन. यादी शीतलनं कुठूनतरी उचलून आणली होती, आणि तिच्यात चौदा एप्रिल हा चिमण्या-चहांच्या मधोमध कुठंतरी होता.

पण तिरस्कार यावेळी तिला नेहमीसारखी ऊब देईना. कारण त्या निळ्यामागं तिच्या मनात काहीच नव्हतं. हे कुणाला सांगून पटलं नसतं. तिनं पाच रंग काढले होते, पाचांवर तोच मजकूर टाकला होता, आणि भर दुपारी फोन घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती, कारण ‘ओलावा’चा वाचक वातानुकूलित खोलीत नव्हे, एसटीच्या थांब्यावर फोन उघडतो. निळ्यावर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळं स्वच्छ दिसलं. बस. डोळ्यानं निवडलेला रंग होता तो. आणि त्या दोघांनी एका वाक्यात तिच्या डोळ्याला आडनाव लावून दिलं. आता घरी जाऊन तिनं फाइल उघडली तर तो निळा तिला साधा दिसेना. आपण खरंच फक्त अक्षरं बघितली होती? की आतून कुणीतरी हाताला धरून तिथं नेलं होतं? कुंभार पिंपळगावात तिच्या घरासमोरच्या खांबावर वर्षभर उन्हात विटत राहणारं निशाण, आईनं चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी बादलीत ढवळलेली नीळ, पांढऱ्या साडीच्या निऱ्यांत कुठं कुठं राहिलेले तिचे ढग. हे सगळं तिनं कधीच मागं सोडलेलं होतं, तिचा तसा समज होता. स्वतःच्या डोळ्यावर संशय घ्यायला लावणं, हे त्यांनी नेमकं केलं होतं, आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. न कळता केलेल्या गोष्टीचा राग धरायचा तरी कुणावर? तिनं शीतलवर धरून पाहिला. शीतल पुरली नाही.

ती अंकात आपलं नाव ‘ज्योत्स्ना डी.’ असं टाकत असे. पहिल्या अंकाच्या वेळी सरांनी श्रेयनामावलीसाठी नाव विचारलं तेव्हा तिनं तेच सांगितलं होतं, आणि वर असंही, की हल्ली डिझायनर असंच लिहितात. डी म्हणजे देवानंद, तिचे वडील. वाहुळे हे आडनाव तिथं नव्हतं. ते लपवलं असं ती कधी म्हणाली नसती; जागा कमी होती, असं म्हणाली असती. जालन्यात खोली बघताना पहिल्या तीन घरांनी आडनाव विचारून घेतलं आणि मग त्यांचे पाहुणे अचानक राहायला येणार होते. चौथ्या घरी तुळजाबाईंनी आडनाव विचारलं नाही, नुसतं मटण शिजवायचं नाही एवढं सांगितलं, आणि ज्योत्स्ना तिथं आठ वर्षं राहत होती. त्या खोलीत त्या दुपारी खुर्चीत बसून तिनं एक किळसवाणी गोष्ट सुरू केली. ती आठवू लागली. सरांच्या ऑफिसात चहा येतो तेव्हा तिचा कप वेगळा असतो का? नव्हता. सगळेच कप कागदी होते. मग ते कागदी कधीपासून झाले? दिवाळी अंकाच्या प्रकाशनाला तिला मंचावर का बोलावलं नव्हतं? तिनंच नको म्हटलं होतं. पण त्यांनी दुसऱ्यांदा आग्रह का केला नाही? शीतल तिला ताई म्हणते आणि मजकूर तपासणाऱ्या बाईंना मावशी म्हणते, यात काही आहे का? असं एकेक वर्ष उलटून, झटकून, उजेडात धरून ती बघत होती, आणि प्रत्येक वेळी काहीच न सापडल्यानं सुटल्यासारखं वाटण्याऐवजी अधिकच चोरासारखं वाटत होतं. एकच प्रश्न होता: यांना कळलं कधी?

उत्तर तिच्याच संगणकात होतं. साच्यांसाठी जुन्या मुखपृष्ठांची चित्रं लागणार होती म्हणून तिनं पहिल्या वर्षाचे अंक उघडले. जूनच्या अंकाचं दुसरं पान, संपादकीय. तिनं स्वतः लावलेलं पान. मथळा होता ‘एक भाकरी’. या पानाची तिला नीट आठवण होती, पण ती अशी, की शेवटच्या ओळीत ‘जेवलो’ हा एकच शब्द खाली येऊन एकटा लोंबत होता, आणि वरच्या ओळींमधली अंतरं केसभर आवळून तिनं तो वर घेतला होता. पान लावणारा माणूस मजकूर वाचत नाही. त्याला करडे ठोकळे दिसतात. सहा वर्षांनी तिनं तो ठोकळा वाचला. सरांनी लिहिलं होतं, की परवा एका छोट्या गावात एका चित्रकाराच्या घरी गेलो. कोणाचं घर ते सांगत नाही, सांगायची गरज पडू नये असा समाज मला हवा आहे. पण माझी आजी आज असती तर तिनं मला अंगणात उभं करून डोक्यावरून पाणी ओतल्याशिवाय घरात घेतलं नसतं. तरी मी त्या माउलीच्या हातची भाकरी आणि भरली वांगी पोटभर जेवलो.

ती दुपार तिला आठवली. सर जुन्या पाट्यांच्या अक्षरांवर लेख लिहिणार होते म्हणून ज्योत्स्नाच त्यांना पिंपळगावला घेऊन गेली होती. आईनं, गिरिजाबाईंनी, शेजारून स्टीलची नवी ताटं मागून आणली होती. सर मांडी घालून बसले, दोनदा वाढून घेतलं, तोंड भरून कौतुक केलं. अक्षरांवरचा लेख काही त्यांनी लिहिला नाही. आई त्यानंतर दीड वर्षानं गेली, आणि जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, की जालन्याचे मोठे साहेब आपल्याकडं जेवून गेलते, लई साधा माणूस. ज्योत्स्नानं पडद्यावरचं ते वाक्य पुन्हा वाचलं. म्हणजे आधीपासून. पहिल्या वर्षापासून. ‘ज्योत्स्ना डी.’ हे नाव ते महिन्याच्या महिन्याला छापत होते आणि कुणी मनात हसतसुद्धा नव्हतं; लहान मूल डोळे झाकून आपण दिसत नाही म्हणतं तेव्हा मोठी माणसं जशी त्याला शोधायचं नाटक करतात, तसं त्यांनी सहा वर्षं ते चालवून घेतलं होतं. धर्मराज सरांपेक्षा तिला त्या क्षणी ती डी जास्त घाणेरडी वाटली.

तिचा बाप बोर्ड रंगवायचा. कुंभार पिंपळगावच्या बाजारपेठेतलं प्रत्येक दुकान एकेकाळी देवानंद पेंटरच्या हातचं होतं: किराणा, भुसार, पिठाची गिरणी, सगळ्या पक्षांच्या भिंती. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश सुकला. ज्योत्स्नाला अक्षर कळत होतं ते त्यांच्याकडून. ‘क’ला पोट किती द्यायचं, ‘ळ’ची गाठ कुठं सोडायची, हे तिला पाचवीतच ठाऊक होतं. पण त्यांच्याविषयी तिला अभिमान कधी वाटला नव्हता, आणि याचं एक कारण देवळाची कमान होती. कमानीला दोन पाट्या लागणार होत्या, बाहेरून ‘सुस्वागतम्’ आणि आतून ‘पुन्हा दर्शनास यावे’. बाहेरची त्यांनी शिडीवर चढून रंगवली. आतलीचा पत्रा लोकांनी लिंबाखाली आणून दिला, तो त्यांनी तिथं बसून रंगवला, आणि वाळल्यावर लोक तो उचलून आत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलींबरोबर ज्योत्स्ना आत गेली, दहा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं नाही, आणि तिनं पाहिलं, की पाटी एका अंगाला चार बोटं कलली आहे. पळत येऊन तिनं सांगितलं. आप्पा, तुम्ही जाऊन सांगा ना त्यांला. आप्पा ब्रश रॉकेलमध्ये हलवत होते. “वाचाया येतं ना?” ते म्हणाले. “मंग झालं.” त्या ‘मंग झालं’चा तिला इतकी वर्षं राग होता. त्या माणसाला आपलं अक्षर सरळ लावून मागता आलं नाही. असं आपलं होणार नाही, हे तिनं तिथंच, त्या लिंबाखाली ठरवलं होतं, आणि शहरात येऊन, उत्तम संगणक घेऊन, स्वच्छ पुस्तकी मराठी बोलून, पंचवीस वर्षांनी गोदामावरच्या खोलीत ती ‘बरं’ म्हणाली होती. आप्पा निदान रॉकेलकडं बघत होते. ती सरांच्या डोळ्यांत बघून, किंचित हसून म्हणाली होती.

साचे तिनं आठ दिवसांत पुरे केले. निळ्याच्या जागी शीतलनं पसंत केलेला मातकट रंग घातला; शीतल त्याला ‘रूटेड’, म्हणजे मातीत मुळं असलेला, म्हणत होती. काम ज्योत्स्नानं वाईट केलं नाही. मुद्दाम वाईट करायलाही समोरच्याविषयी थोडी आस्था लागते. चिमण्या, चहा, माता, कवी, प्रेतं, सगळ्यांना तिनं त्या मातीत एका मापानं बसवलं. चौदा एप्रिलच्या साच्याशी ती थांबली. निळी फाइल बाजूलाच उघडी होती, एक रंग बदलायचा अवकाश होता. त्या दिवसापुरता. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या ताटांसारखा, सांज व्हायच्या आत घासून परत द्यायचा. तिनं तो घातला नाही. बाबासाहेबांचा फोटो तिनं इतर एकोणसाठ साच्यांसारखाच मातकट जमिनीवर ठेवला, अक्षरं पांढरी, मुद्रा कोपऱ्यात, आणि फाइल पाठवून दिली. यात सूड होता की हट्ट, की नुसता थकवा, हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. त्यांनी विचारलंच तर एक वाक्य तिनं तयार ठेवलं होतं: ब्रँडचा रंग एकच असतो, तुम्हीच ठरवलाय. ते वाक्य तिला इतकं आवडलं, की भांडी घासताना ती ते दोन-तीनदा पुटपुटली. पण कुणी विचारलंच नाही. शीतलनं साठच्या साठ साचे एका बैठकीत तारखा लावून चढवून टाकले आणि एक अंगठा पाठवला. बघितलं कुणीच नव्हतं. ते तयार वाक्य ज्योत्स्नाच्या तोंडात महिनाभर पडून राहिलं आणि त्याची चव गेली.

चौदा एप्रिलला सकाळी सहाला ‘ओलावा’च्या पानावर ती चौकट आपोआप उगवली. ज्योत्स्नानं ती नऊच्या सुमारास पाहिली तेव्हा खाली साठ-सत्तर प्रतिक्रिया होत्या. पहिल्या दहा-बारा वंदनाच्या. मग मंठ्याच्या कुणीतरी विचारलं होतं, की आजच्या दिवशी हा रंग कसा काय? त्याच्याखाली दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. आणि मग भारत, तिचा पिंपळगावचा चुलत भाऊ, ज्याला ती ‘ओलावा’चं काम करते हे माहीत असायचं कारण नव्हतं, कारण तिनंच ते गावात कधी फारसं सांगितलं नव्हतं. भारतनं लिहिलं होतं: “निळा लावायला हात धरले का कोणी? जयंती करून राह्यले का उपकार करून राह्यले?” त्याला दोनशे लोकांनी पसंती दिली होती. ज्योत्स्नाला आधी हसू आलं. तिनं ज्यांच्यावर गोळी झाडली होती त्यांना ती लागली होती खरी, पण ती तिनं झाडली हे कुणालाच कळलं नव्हतं. तिच्याच लोकांना तो सरळसरळ अपमान दिसला, आणि त्यांचं चुकलं असं म्हणायला जागा नव्हती. तिचा बारीक, हुशार, स्वतःशी पुटपुटलेला टोमणा कुणालाही वाचता आला नव्हता. तिच्या मनात आलं, की आपण सहा वर्षं त्या कवींना हसलो, त्यांच्या कविता निदान त्यांच्या बायकांना तरी कळत असतील.

अकराला सरांचा खुलासा आला, ‘ओलावा’च्याच नावानं, सगळ्यांत वर टाचून ठेवलेला. ‘ओलावा’ला सर्व रंग सारखेच प्रिय आहेत, त्यात म्हटलं होतं. सदर रचना आमच्या कुशल संकल्पक ज्योत्स्ना देवानंद वाहुळे यांची असून त्या स्वतः याच समाजातून आल्या आहेत, त्यामुळे कुणीही विपर्यास करू नये. ज्योत्स्नानं ते दोनदा वाचलं. सहा वर्षांत ‘ओलावा’नं तिचं पुरं नाव पहिल्यांदाच छापलं होतं. ढाल म्हणून. खाली नमस्काराच्या खुणा येऊ लागल्या होत्या. मंठ्याच्या त्या माणसानं लिहिलं होतं, मग तर विषयच संपला, आपल्याच माणसाला आपला रंग नको असेल तर दुसऱ्याला काय बोलायचं. भारतनं काही लिहिलं नव्हतं. त्याचं ते न लिहिणं तिला जास्त लागलं.

मग फोन वाजला तो आप्पांचा. त्यांना फोनवर बोलताना मोठ्यानं बोलायची सवय होती, आज मागं कुठंतरी ढोल चालू होता म्हणून ते आणखीच मोठ्यानं बोलत होते. भारतनं दाखवलं, म्हणाले, कुणाशी काय भांडण लागलं ते मला कळलं न्हाई. रंगाचं काय ते बोलून राह्यले होते पोरं.

“पर नाव पुरं आलंय गं,” आप्पा म्हणाले. “माझ्या नावासकट. वाहुळे बी बराबर लिहिलंय.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्या सबंध भानगडीतून, ढालीतून, विपर्यासातून त्या माणसानं आपल्या पोरीचं नाव तेवढं उचलून घेतलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवलेला माणूस. ती कितीतरी अंक त्यांना नेऊन देत आली होती, आणि ते प्रत्येक अंक शेवटच्या पानापासून उलटा चाळत, हे तिला आता आठवलं. काय शोधत होते ते तिनं कधी विचारलं नव्हतं. तिनं कसंबसं, जेवलात का, असं विचारलं आणि फोन ठेवला.

प्रतिक्रिया लिहिणाऱ्या माणसांचाही तिला तिटकारा होता. त्या पांढऱ्या चौकोनात तिनं कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती लिहायला बसली. आधी जे आलं ते लांब होतं आणि त्यात ‘संपादकीय’ हा शब्द होता, ‘आई’ हा शब्द होता. ते पुसलं. दुसऱ्यांदा आलं ते इतकं धारदार होतं की तिला स्वतःलाच त्यात दिवाळी अंकाचा वास आला. तेही पुसलं. शेवटी राहिलं ते एवढंच: साठही रचनांसाठी मी निळा रंग दिला होता. तो चौदा एप्रिलपुरता ठेवा, बाकी नको, असं मला सांगण्यात आलं. तेव्हा मी बरं म्हणाले. ते चुकलं. खाली नाव आधीच होतं, कारण तिचं खातं तिच्या पुऱ्या नावाचं होतं. ते तिनं कॉलेजात असताना उघडलं होतं, अजून डी व्हायच्या आधी.

पाच मिनिटांत सरांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढत नसे. हे आपल्या आपल्यातलं होतं, ते म्हणाले, चारचौघांत कशाला. शीतल रडते आहे. मी काय आज ओळखतो तुम्हाला? त्यांना खरोखर दुःख झालं होतं, आणि ते दुःख ऐकताना ज्योत्स्नाला जाणवलं, की या माणसाचा आपण इतका तिरस्कार केला, पण हा दुष्ट वगैरे नाही. याला फक्त आपल्या चांगुलपणाची पावती हवी असते, आणि ती दर वेळी दुसऱ्यानं सही करून द्यायची असते.

“तेवढं काढून टाका, ज्योत्स्नाताई. घरच्या माणसानं असं करायचं नसतं.”

“तुम्ही आमच्या घरी जेवला होतात, सर,” ती म्हणाली. “ते तुम्ही छापलं होतं. मी काढा म्हटलं नव्हतं.”

मग ते म्हणाले, की मेचा अंक दुसरीकडून लावून घेऊ, तुम्ही थकला आहात. ती हो म्हणाली. थकली होतीच. फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही, छाती भरून आली नाही, रडू आलं नाही. फक्त खूप भूक लागली, आणि तिनं उभ्यानंच सकाळची पोळी चटणीबरोबर खाल्ली.

दीडच्या सुमारास भारतचा फोन आला. तो दोन क्षण नुसता खाकरत राहिला. मला काय म्हाईत ताई, तू हायेस तिथं, म्हणाला. मी लई बोललो. जे लिहिलं ते बराबर लिहिलंस, ती म्हणाली. मग त्यानं विचारलं, की तो निळा तिच्याकडं अजून आहे का. आहे, ती म्हणाली. मंग दे की, मंडळाचं अजून काहीच बनवलं न्हाई, पोरं मागच्या सालचंच फिरवून राह्यले. तिनं जुनी फाइल उघडली. ‘ओलावा’ची मुद्रा काढून टाकली, बाबासाहेबांचा फोटो निळ्यावर घेतला, खाली नावासाठी पट्टा मोकळा ठेवला, आणि पाठवून दिली. हे लोक याचं काय करणार आहेत ते तिला पक्कं माहीत होतं. तासाभरात ते सगळीकडून तिच्याकडं परत येऊ लागलं. घनसावंगीच्या एका मंडळानं कडेनं सोनेरी वेल लावली होती. कुणीतरी अक्षरं ओढून इतकी रुंद केली होती, की ‘जयंती’ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखी दिसत होती. एकात अकरा जणांचे पासपोर्ट फोटो, सगळे गॉगल घातलेले. दातांवर वाळू यावी तसं तिला होत होतं. पण ती एकेक उघडून बघत राहिली, बंद करता आलं नाही.

शेवटी भारतचं आलं. पिंपळगावच्या मंडळाचं. फोटो जागेवर होता, वेल नव्हती, आणि खालच्या पट्ट्यात, शुभेच्छुकांची पाच-सहा नावं असतात तिथं, एकच नाव होतं, मोठ्या अक्षरांत: संकल्पना – ज्योस्ना देवानंद वाहुळे. तिनं बोटांनी ते मोठं केलं. गाढव, असं तिच्या मनात आलं. सख्ख्या चुलत बहिणीचं नाव. तिनं लगेच फोन लावला. पलीकडं ढोल, गाड्यांचे हॉर्न, कुणाचं तरी ओरडणं.

“भारत, माझ्या नावातला अर्धा त कुठं गेला?”

त्याला आधी ऐकूच आलं नाही. मग कळल्यावर तो म्हणाला, की आता फिरलं ताई सगळीकडं, पार अंबडपर्यंत गेलंय, वाचाया तर येतं ना, राहू दे.

“राहू दे कसं?” ज्योत्स्ना खुर्ची पुढं ओढत म्हणाली. “थांब. मी बराबर करून पाठवते. पहिलं सगळ्यांला काढायला लाव.”